घोडीभोवतीचा पांढरा डाग

मामंजी,

आत्याबाईंचे गुडघे आता कसे आहेत? तिकडे जिने नसतील तर बरे असतील. आमच्या ह्यांचा खोकला थांबला का? गिरणीतला कापूस एवढ्या लांब काही पोचत नसेल. धाकट्या वन्संना आमची आठवण येते का? आणि तुमचे डोळे? तुम्ही सगळे एकीकडे झालात आणि मी एकटी इकडे राहिले, म्हणून विचारपूस मलाच करायला हवी. माझं म्हणाल तर जेवण जातं, झोपही लागते, पण हात थरथरतात. त्या हातांचंच सांगायला बसले आहे.

चर्चमध्ये गाणं शिकवणाऱ्या मास्तरांची गिटार तुम्ही विसरला नसाल. आपल्या दुकानात दुरुस्तीला पेट्या यायच्या, तंबोरे यायचे, गिटार ती पहिलीच. मास्तरांनी ती भर उन्हाळ्यात खिडकीशी ठेवली, आतला सरस मऊ पडला आणि तारांनी घोडी उपटून काढली. तुम्ही तारा बसवायची ती लाकडी पट्टी हातात घेऊन उलटीपालटी करून बघत होता आणि मला सरस शिजवायला सांगितलंत. आपल्या घरात सरस शिजवणं म्हणजे केवढी यातायात. आत्याबाईंचं ठरलेलं होतं, "कातड्याचं ते. माज्या चुलीवर चढलं तर मी ह्या घरात पाणी पिणार न्हाय." गळ्यात लिंग बांधलेल्या बाईला कोण काय बोलणार? म्हणून परसात, गोठ्याच्या भिंतीला वेगळी शेगडी. तिथून मी अंगण ओलांडून भांडं आणेपर्यंत सरस घट्ट व्हायचा आणि तुम्ही त्यात पाणी ओतायचा. पेटीच्या लाकडाला ते खपून जायचं. गिटारीला नाही खपलं. पातळ सरस घोडीखालून ओघळला, तुम्ही ओल्या फडक्यानं पुसला, आणि सकाळी बघतो तर घोडीभोवती पॉलिशवर पांढरं कडं.

आत्याबाई दारातूनच म्हणाल्या, "कोड फुटलं की हो तिला."

तुम्ही हसला नाहीत. बोट फिरवून बघितलंत आणि मला म्हणालात, "सरसाचा दोष न्हाय पोरी. लाखेत पाणी शिरलंय." मग घोडी पुन्हा काढलीत, पुढच्या फळीवरचं सगळं पॉलिश खरवडलंत आणि चार दिवस स्पिरिटात भिजवलेला लाखेचा चपडा कापडाच्या बोळ्यानं घासत बसलात. बोळा थांबू द्यायचा नाही, थांबला की चिकटतो. पाचव्या दिवशी त्या लाकडाला काकवीचा रंग चढला होता. तसा रंग मी नंतर कशालाच बघितला नाही.

घोडी पुन्हा चिकटवायची वेळ आली तेव्हा मी एक केलं. दुधाचं भांडं गरम राहावं म्हणून आपण उकळत्या पाण्याच्या पातेल्यात ठेवतो, तसं सरसाचं भांडं पातेल्यात ठेवून आणलं. अंगण ओलांडलं तरी सरस दाटही झाला नाही, पाणीही घालावं लागलं नाही. तुम्ही बघितलंत आणि नुसतं, "हितं बस," म्हणालात. बाईमाणसाला कामाच्या पाटाशी बसवलं ते त्या दिवशी. घोडी जागेवर धरून तुम्ही सुईनं भोवती रेघ ओढलीत. रेघेच्या आतलं पॉलिश खरवडून लाकूड उघडं केलंत, आणि रेघेबाहेर मेणबत्तीचं मेण चोळायला मला दिलंत, म्हणजे सरस सांडला तरी पॉलिशला धरू नये. माझं बोट जरा आत गेलं. "हात काढ," तुम्ही ओरडलात. "मेण आत गेलं तर घोडी जन्मात धरायची न्हाय." मी रडकुंडीला आले. तुम्ही ते लाकूड पुन्हा खरवडलंत, आणि संध्याकाळी बांबूची एक चपटी कामटी घासूनपुसून माझ्या हातात दिलीत. बाहेर आलेला सरस पुसायचा नाही, सायीसारखा धरू द्यायचा आणि मग कामटीनं उचलायचा. फडकं जवळ आणायचंच नाही. एवढंच तर होतं, मामंजी. एवढंच मला सांभाळायचं होतं.

दुकान तुमच्यामागं मोडलं. तुम्ही पॉलिश केलेल्या पेट्या कुठं गेल्या देव जाणे. मी ओट्यावर बसून लोकांच्या जुन्या पेट्यांचे भाते चिकटवते, सूर काढून पुसते. मागच्या महिन्यात मास्तर आले. काठी टेकत, रिक्षातून गिटार घेऊन. पुन्हा घोडी उचकटली होती. "दुसऱ्या कुणाच्या हातात देणार नाही, तुमच्याच घरचा हात पाहिजे," म्हणाले. तुमचा रंग तसाच होता, मामंजी. मी बराच वेळ नुसता हात फिरवत बसले.

सरस आणायला नवी पेठेत गेले, तर दुकानदार म्हणाला, "आता ते कोण घेतंय आजी? डब्यातला पांढरा घ्या. शिजवायची भानगड न्हाय." मी घेतला. रेघ ओढली, मेण लावलं, सगळं तुमच्यासारखं. पण तो गोंद सायीसारखा धरेना, ओघळतच राहिला. मी वाट बघायला हवी होती. घाबरून ओलं फडकं घेतलं आणि घासलं, मेणासकट. सकाळी तेच कडं.

स्पिरिटचा बोळा फिरवला की कडं जातं, हे मला ठाऊक होतं. बोळा जेमतेम ओलसर लागतो. माझा जास्त भिजला, आणि हात थरथरून एका जागी थांबला. तुमचा रंग बोळ्याला लागून आला. घोडीच्या उजव्या बाजूला तळहाताएवढं लाकूड कोरडं, फिकं पडलंय. परत तो रंग चढवणं माझ्याच्यानं होणार नाही, आणि गावात दुसरं कुणी उरलेलं नाही.

मास्तर गिटार न्यायला आले. त्यांनी डाग बघितला आणि विचारलं, "हे काय झालं?"

मी म्हणाले, "मामंजींचंच काम कच्चं राहिलं होतं तिथं. इतक्या वर्षांनी उघडं पडलं."

"असेल," ते म्हणाले. "माणूस म्हटलं की चुकायचंच." आणि तारा छेडून बघून गिटार घेऊन गेले. आवाज चांगला होता.

हे पत्र कुठं टाकायचं ते मला ठाऊक नाही, म्हणून हत्यारांच्या डब्यात ठेवणार आहे. मास्तरांकडे जाऊन खरं सांगावं, तर तेवढं बळ नाही. दोन ओळी लिहा, मामंजी. रागाच्या असल्या तरी चालतील. पण लवकर लिहा.