निम्मा वर गेलेला हात

सोमवार, ४ फेब्रुवारी

नातीचा संघ जिंकला! राष्ट्रीय विजेतेपद — एका गुणाने. कर्लिंग महासंघाचा मी बावीस वर्षे मानद सचिव. टाळ्या बेतानेच वाजवल्या.

शेवटचा दगड बर्फावरून निशाणाच्या वर्तुळाकडे घसरत येत होता. तो आणखी लांब जावा म्हणून त्याच्यापुढे नात ब्रशने बर्फ घासत होती. दगड किंचित थरथरला. तिने वर सज्जात माझ्याकडे पाहिले. पुढचे लिहिण्याजोगे नाही.

मंगळवार, ५ फेब्रुवारी

हरलेल्या कर्णधारबाईंचा तक्रारअर्ज आला. ‘ब्रश चालत्या दगडाला लागला. तिने सांगितले नाही.’

आमच्या खेळात याहून मोठे पातक नाही. असा स्पर्श पंच पकडत नाहीत. ज्याचा ब्रश लागला त्याने आपण होऊन हात वर करावा, दगड बाद करून घ्यावा. ते कलम माझ्याच हातचे. ‘खेळाडू हाच स्वतःचा साक्षी’ — काय ऐटीत लिहिले होते!

अध्यक्ष फोनवर हसले. “सचिवसाहेब, तुमच्या घरातली पोर लपवाछपवी करणार? तिला बाळकडूच पोथीचं!”

बुधवार, ६ फेब्रुवारी

जेवताना सूनबाई म्हणाली, “बाबा, तुम्ही तर समोरच बसला होतात. काही लागलं नाही म्हणून सांगून टाका ना. कटकट मिटेल.”

नात ताटात नुसतीच बोटे फिरवीत होती.

“एवढ्या लांबचं मला कुठे दिसतं आता!” मी म्हणालो.

चष्मा गेल्याच महिन्यात नवा केला आहे.

गुरुवार, ७ फेब्रुवारी

पोथीतला सत्यावरचा अध्याय तीस वर्षे मुखोद्गत. आज मध्येच अडलो. जपाची माळ दोनदा चुकली.

शुक्रवार, ८ फेब्रुवारी

शिस्त समितीची बैठक, रिंकच्या वरच्या खोलीत. खाली बर्फ सपाट करणारे यंत्र घुमत होते. इतिवृत्त लिहिण्याचे काम अर्थातच माझे.

“ब्रश लागला?” अध्यक्षांनी नातीला विचारले.

“हो.”

“मग हात का नाही वर केलास?”

“घाबरले.”

मी लिहिले — ‘घाबरले.’ अक्षर नेहमीसारखेच आले, याचेच नवल.

विजेतेपद जाणार, हे उघड आहे. शिवाय दोन वर्षांची बंदी. “कलम तुमचंच आहे, साहेब,” अध्यक्ष खाली पाहत म्हणाले. उद्या शिक्कामोर्तब.

दारापाशी ती मागे वळली. “आजोबा, दुपारची गोळी घेतलीत का?”

तिने नजर चुकवली नाही. मी चुकवली.

शनिवार, ९ फेब्रुवारी

निर्णय वाचून दाखवण्याआधी समितीपुढे मी हात वर केला.

सोमवारी तिचा हात निम्मा वर गेला होता. तिने माझ्याकडे पाहिले — आणि मी ‘नको’ म्हणून मान हलवली.