फाटकात लिहिलेले एकोणीस

मी, वय एकाहत्तर, पूर्वी गणना खात्यात कारकून, आता मातीकाम करणारा, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. जीव थाऱ्यावर नसतो, पण बुद्धी ठिकाणावर आहे; डॉक्टरीणबाईंनी तपासले आहे.

१. राहते घर व बँकेतील शिल्लक मुलीची. आईचे आजारपण तिने एकटीने निस्तरले.

२. चाक, भट्टी व कोरण्या शेजारच्या शिंप्याच्या सुनेला. तिचा हात माझ्याहून चांगला आहे. हे तोंडावर सांगायला जीभ रेटली नाही.

३. मेव्हण्याला काहीही देऊ नये. तो माझा साहेब होता. कारण खाली येते.

४. मागच्या खोलीतील मातीची माणसे. शिरगणतीत खाणीच्या टेकडीखालच्या मजुरांच्या खोल्या माझ्याकडे होत्या. मुकादम फाटकातच म्हणाला, "आत एकोणीस जण. लिहा आणि सुटा." ऊन रणरणत होते. मी लिहिले. पाच महिन्यांनी टेकडी त्या खोल्यांवर कोसळली. उपसणाऱ्यांच्या हातात माझाच कागद होता. एकोणिसावे माणूस निघाले आणि काम थांबले. एक धुणेवाली सांगत राहिली, "माझी बहीण अजून आत आहे." यादी घेऊन आलेला मेव्हणा म्हणाला, "बाई, यादी पुरी झालीय." मी शेजारी उभा होतो. आत न जाता फाटकातच आकडा लिहिला, हे तेव्हाही लपवले. पुढचे दोन दिवस बायकांनी हातांनी माती उपसली तेव्हा बहीण सापडली, गेलेली. आणखी किती राहिले, कोणालाच ठाऊक नाही.

मी नोकरी सोडली, मातीकाम शिकलो, त्या खोल्यांतली माणसे घडवत गेलो. ही माणसे संग्रहालयाला द्यावीत. तिथल्या बाई पाटीवर लिहायला संख्या मागतात. ती देऊ नये. बघणाऱ्याला एकेकासमोरून जावे लागेल, अशी मांडणी करावी. नाही जमले तर देऊच नये.

५. या माणसांचे एकदा प्रदर्शन भरले, त्यात ती धुणेवाली आली होती. मातीच्या एका बाईसमोर थांबून म्हणाली, "ही माझी बहीण म्हणता? तिचे खांदे असे नव्हते. तुम्ही तिला पाहिलं होतं का?"

"नाही."

"मग बसा. सांगते."

तिच्या सांगण्यावरून सात वेळा घडवली, सात वेळा मोडली. आठवी खिडकीत वाळते आहे. धुणेवाली गुरुवारी बघायला येईल. मी नसलो तर मुलीने दाखवावी. बहीण पटली तर तिच्या घरी पोचवावी. नाही पटली तर माती भिजत घालावी, आणि शिंप्याच्या सुनेने तिच्यासमोर बसून, ती सांगेल तशी, पुन्हा सुरुवात करावी.

सही: (कारकुनी वळणाची)
साक्षीदार: १. डॉक्टरीणबाई. २. कोपऱ्यावरचा पुस्तकबांधणीवाला; मजकूर वाचून मगच सही केली.
ठिकाण: राहत्या घरी, मागची खोली. मंगळवार, नऊ मार्च.