कंसाशिवाय पत्रिका

१२ मार्च, परभणी. दुपार.

…आणि तो कंसही काढा, असं मी सांगितलं. प्रेसमधल्या ऑपरेटरने माऊसवरचा हात उचलला. म्हणाला, सर, पोलीस काढू? लोक तर भावकीतल्या पोलिसाचं सुद्धा नाव टाकून घ्यायलेत, अन् इथं तर नवरदेवच पोलीस हाय. मी म्हणालो, काढा. त्याने काढलं. स्क्रीनवर 'चि. योगीराज' एवढंच उरलं. फार छान दिसलं.

मग समानता म्हणून बाकीचे कंसही काढले. राजेश्रीचा 'तलाठी', निकिताचा 'बी.एस्सी.', माझा 'एम.ए. मराठी'. माझा काढताना मला काहीही वाटलं नाही. हे मुद्दाम नोंदवून ठेवतो.

गणपतीही काढला. आयव्हरी कागद, एक बारीक हिरवी रेघ, चार नावं. मंडप, फेटे, शेरवानी, सगळं ह्याच दोन रंगांत. एका मांडवात दोन लग्नं, दोन सख्खे भाऊ, दोन सख्ख्या बहिणी. एकसंधपणा हवाच. तो सांभाळणारं घरात दुसरं कुणी नाही.

१३ मार्च

गैरसमज नको म्हणून लिहितो. धाकटा भाऊ पोलिसांत लागला ह्याचा मला आनंद आहे. गावाने योगीराजची ट्रॅक्टरवरून मिरवणूक काढली तेव्हा मीही गुलाल उधळला. डोळ्यांत पाणी आलं ते गुलालामुळे.

लोक म्हणतात, चारठाण्याचे दत्तराव आधी योगीराजसाठी आले होते. त्यांची थोरली मुलगीही लग्नाची होती, म्हणून थोरल्यालाही विचारलं. हे कालक्रमाने खरं असेल. अर्थाने नाही.

साखरपुड्याच्या वेळी राजेश्री बी.ए. होती, मी एम.ए. पुढे तलाठ्यांची यादी लागली, तिचं नाव आलं आणि ती ताडकळसकडे रुजूही झाली. मी पालमच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर मराठी शिकवतो. यादी लागल्यापासून अण्णा माझ्याशी हळू आवाजात बोलतात. तिने अजून लग्न मोडलेलं नाही. गावाला ह्याचं आश्चर्य वाटतं. मला नाही.

संकल्प: उद्यापासून तुलना बंद.

१४ मार्च

योगीराज सुट्टीवर आला. आल्या आल्या गच्चीवर. निकिताशी फोन. हसणं खालपर्यंत. एवढं हसण्यासारखं काय असतं? जिन्यात थांबून ऐकलं. शेंगदाण्याच्या चटणीबद्दल बोलत होते.

राजेश्री आणि मी कमी बोलतो. ती 'हो' किंवा 'बरं' लिहिते. दोन प्रगल्भ माणसांना शब्द लागत नाहीत.

योगीराजला पत्रिका दाखवली. म्हणाला, दादा, लय भारी. तुला आवडली ना, मग झालं. पोलीस काढल्याचं त्याच्या लक्षात आलं नाही. किंवा आलं आणि त्याने दाखवलं नाही. असलं त्यांना ट्रेनिंगमध्ये शिकवत असणार.

१८ मार्च

राजेश्रीचा मेसेज. स्वतःहून. पत्रिकेत माझं पद टाकलं का? पप्पांची इच्छा आहे. मग दुसरा मेसेज: माझीपण.

मी मोकळ्या जागेच्या सौंदर्यावर व्हॉइस नोट पाठवली. लांबली. दोन भाग करावे लागले. तिचं उत्तर: बरं.

पटलं तिला.

२२ मार्च, पालम

नमुना आत्याकडे नेला. धुरपताबाई, अण्णांची थोरली बहीण. नातेवाइकांत पहिली पत्रिका तिला, हा मान. अंगणात गहू निवडत होती. माझ्या हातातलं पांढरं पाकीट पाहिलं, सूप खाली ठेवलं, डोक्यावर पदर ओढला आणि विचारलं, कोण गेलं रे?

मी म्हणालो, आत्या, लग्नाची आहे. ती म्हणाली, खोटं बोलू नकोस महारुद्रा, माझं काळीज घट हाय, सांगून टाक. तोवर शेजारच्या दोघी आल्या. एकीने गळाही काढला.

मी हिरवी रेघ दाखवली. आत्या म्हणाली, तेराव्याच्या चिठ्ठीला आता हिरवं बी टाकायलेत का? गणपती न्हाई, कुंकू न्हाई, कोण काय करतंय ते बी न्हाई. घरात पोरगं पोलीस, येणारी सून तलाठी, अन् पत्रिका अशी, जसं काय चोरून लग्न करायलाव.

चहा न घेता निघालो. गळा काढलेल्या बाईला राग आला होता. तिचं रडणं वाया गेलं.

२३ मार्च

आत्याचा फोन माझ्या आधी घरी पोचला होता. अण्णांनी निर्णय दिला: दोन्ही घरांची मिळून एकच पत्रिका, ती दत्तराव छापतील. मी एकसंधपणाचा मुद्दा मांडला. अण्णा म्हणाले, दोन घरांत एक पत्रिका, ह्याहून काय एकसंध पाहिजे तुला?

आता सजावटीकडे लक्ष देणार. पत्रिका तशी दुय्यमच.

२ एप्रिल

दत्तराव माझ्या नावापुढे 'प्राध्यापक' टाकणार, हे उघड आहे. थोरल्या जावयाचा मान. मी कंसाच्या विरुद्ध असल्याने मला राग यायला हवा. थोडा येऊ देईन. मग मोठ्या मनाने सोडून देईन. वाक्यं ठरवून ठेवली आहेत.

१० एप्रिल

पत्रिका आल्या. गणपती सोनेरी, बोटाला लागतो असा उठावदार.

चि. योगीराज (महाराष्ट्र पोलीस). चि.सौ.कां. निकिता (बी.एस्सी.). चि.सौ.कां. राजेश्री (तलाठी). चि. महारुद्र.

पुढे काही नाही. पान उलटून पाहिलं. मागे कार्यस्थळाचा नकाशा.

राजेश्रीला फोन केला. ती म्हणाली, प्रेसमध्ये मीच गेले होते. पप्पा म्हणत होते जावयाला प्राध्यापक लिवा. मी नको म्हणलं. तुमचे दोन्ही भाग ऐकले होते ना मी.

ठरवलेली वाक्यं उपयोगाची नव्हती. फोन ठेवला.

११ एप्रिल

जेल पेनने 'प्रा.' लिहायला बसलो. आमच्याकडच्या गठ्ठ्यावर तरी. कागद गुळगुळीत, शाई पसरते. पहिल्या काहींवर 'प्रा.' गोगलगाईसारखं दिसतं.

योगीराज आला. पेन घेतला आणि लिहायला लागला. म्हणाला, दादा, मधीमधी वाळू दे, घाई करू नको. त्याचं अक्षर छापील येतं. जेवायच्या आत सगळा गठ्ठा संपवला.

मला त्याचा इतका राग कधी आला नव्हता.

१९ एप्रिल, परभणी

बस्ता. दोन्ही घरची माणसं कापडाच्या दुकानात, गाद्यांवर. मी आयव्हरी शेरवानी मागितली. आई म्हणाली, लग्नात नवरदेव पांढरा फटक, दवाखान्यातून उठून आल्यासारखा. मी हटलो नाही. योगीराज म्हणाला, दादा म्हणतोय तर घालून तर बघू. त्यानेच घातली.

दुकानदाराने आतल्या माणसांना बाहेर बोलावलं. योगीराजचा फोटो काढला, दुकानाच्या स्टेटसला ठेवला. निकिता त्याच्याकडे बघत होती. तिची आई बघत होती. राजेश्रीने पण बघितलं. एकदा. मी मोजत नव्हतो.

मी माझ्यासाठी मरून घेतली. एकसंधपणा म्हणजे सारखेपणा नव्हे. हे आधीच स्पष्ट करायला हवं होतं.

मग राजेश्री माझ्याशेजारी येऊन बसली. पुढे साड्यांचा ढीग. साडी उलगडत हळूच म्हणाली, माझी नोकरी तुमाला जड जायलीय का? पंख्यामुळे ऐकू आलं नाही, असं मी दाखवलं. तिने मोठ्याने विचारलं. सगळं दुकान आमच्याकडे वळलं. ती म्हणाली, जात असंल तर आताच सांगा. बस्ता अजून बांधला न्हाई.

मी म्हणालो, छे, तसं काही नाही, ती डिझाइनची गोष्ट होती. ती म्हणाली, बरं. मग मागून 'प्रा.' कुणासाठी लिवलं?

मी म्हणालो, योगीराजसाठी.

मला हे म्हणायचं नव्हतं. तोंडातून गेलं. योगीराज ट्रायल रूममध्ये होता. त्याला ऐकू गेलं की नाही, माहीत नाही. तो बराच वेळ बाहेर आला नाही.

राजेश्री माझ्याकडे बघत राहिली आणि मग हसायला लागली. तोंडावर साडीचा पदर धरून. तिचं हसणं मी पहिल्यांदा ऐकलं. म्हणाली, एवढंच होय? मला वाटलं माझ्यावर जळायलेत. आणि दुकानदाराला म्हणाली, बांधा.

ती का हसली, कळलं नाही. मरून तिला आवडला असावा.

४ मे, संध्याकाळ

चारठाण्यात लग्न लागलं. मंडपाला आयव्हरी कापड लावून घेतलं होतं, एवढं मी मिळवलं. दुपारपर्यंत त्यावर लोकांनी हळदीचे हात पुसले. पंगतीच्या बाजूला वरण.

अक्षता योगीराजवर जास्त पडल्या. वारा त्या बाजूचा होता. त्याच्या बॅचची पोरं आली, त्यांनी त्याला खांद्यावर घेतलं. मग मलाही घ्यायला आली. मी नको म्हणालो. ती परत गेली. मी एकदाच नको म्हणालो होतो.

फोटोग्राफरने विचारलं, मरूनवाले नवरदेव, जरा सरकता का.

वरात आमच्या गावात शिरताना वादळ झालं. दारापुढचा मांडव आडवा. ताडकळसकडच्या गावांत घरांवरचे पत्रे उडाल्याचे फोन येत आहेत. उद्या सकाळी सत्यनारायण आहे. लवकर उठून हॉल नव्याने सजवणार. उरलेलं आयव्हरी कापड माझ्याकडे आहे. ह्या वेळी कुणालाही हात लावू देणार नाही.

५ मे

सकाळी तहसीलमधून राजेश्रीला फोन आला. तिच्याकडच्या एका गावात घरं पडली आहेत, पंचनामा आजच पाहिजे. पूजा दुपारवर ढकलली. मी तिला गाडीवर घेऊन गेलो. तिच्या हातात हिरवा चुडा, वर रजिस्टर. तिच्या हाताखालचा कोतवाल आला नव्हता, त्याचेच पत्रे गेले होते. सगुणाबाई नावाच्या म्हातारीने मला बघून विचारलं, ह्ये नवे कोतवाल का? राजेश्री म्हणाली, न्हाई मावशी, आमच्या घरचे हायत. पडलेली भिंत मोजायची होती. टेपचं एक टोक तिच्याकडे होतं. दुसरं मी धरलं.