दोनशे तेरावा फोटो

४ मार्च, सोमवार

पोहोचलो एकदाचा. साडेपाच तास गाडीत बसून पाठीचा भुगा झालाय, पण खाली उतरलो आणि हसूच आलं. जिकडे बघावं तिकडे पांढरं. मिठाचे वाफे, मिठाचे ढीग, मिठाने कुरतडलेली दारं. हे मिठागर बंद पडून पंधरा वर्षं झाली. पुढच्या महिन्यात कामगारांची वसाहत पाडणार आहेत, त्याआधी तिथल्या चौऱ्याऐंशी घरांची प्रत्येक खोली फोटोत उतरवून ठेवायची आहे.

आम्ही तिघं. बाई, म्हणजे मुख्य फोटोग्राफर. साठीला टेकल्यात, पण शिडीवर आमच्याआधी चढतात. त्यांचा सहकारी फोटोग्राफर लंबू, जो प्रत्येक दारात वाकायला विसरतो आणि मग दाराला शिव्या घालतो. आणि मी, फोटो सांभाळणारा. त्यांनी काढायचे, मी जपायचे. जोडीला इथला जुना मुकादम आहे, किल्ल्यांचा जुडगा घेऊन फिरणारा.

फोनला रेंज फक्त पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर, सातव्या पायरीपासून वर. तिथून ताईला फोन केला. खारू शाळेतून आली होती. आठ वर्षांची झाली तरी खारीसारखी गालात गोळी दाबूनच बोलते, म्हणून तर हे नाव पडलं. मिठागरात आलोय म्हटल्यावर म्हणाली, बाबा, मग तू आता खारा होणार. ताई मागून हसत होती. बरं वाटलं.

५ मार्च, मंगळवार

कामाची घडी बसली. सकाळी आणि तिसऱ्या प्रहरानंतर फोटो. मधल्या चार तासांत ऊन इतकं डोळ्यांवर येतं की कॅमेरे बंद, आणि माझं काम सुरू. कार्ड आलं की आधी माझ्या डबीत. डबी म्हणजे हातात मावणारी डिस्क. कडेला कार्डाची खाच आहे आणि वर छोटा पडदा. कार्ड सरकवलं की दिवा लुकलुकतो, आकडा चढत जातो. त्यानंतर दुसऱ्या डिस्कवर नक्कल, मग तिसऱ्या. मूळ आणि नकला जुळल्या, की मगच कार्ड पुसायचं. तिन्ही डिस्क तीन वेगळ्या बॅगांत ठेवायच्या, असा बाईंचा दंडक. मला तो सांगावा लागला नाही. मी त्याहून कडक आहे.

डबीत एक फोल्डर माझा खाजगी आहे. खारूचे सहाशे चाळीस फोटो. त्यांचीही एक नक्कल ताईच्या कपाटात आहे.

मुकादम म्हणाला, भर दुपारी वाफ्यांकडे टक लावून बघू नका, साहेब. ज्याला जे हवं असतं तेच दिसतं. त्याची बायको इथेच गेली. तरी तो रोज दुपारी खोलीच्या खिडक्या लावून बसतो. बघत नाही.

६ मार्च, बुधवार

आज एक गंमत झाली. पाच नंबरच्या कार्डावर दोनशे बारा फोटो होते. डबी म्हणते दोनशे तेरा. एखादा कमी पडला तर समजू शकतो, जास्तीचा कुठून येणार? परत कॉपी केली. परत दोनशे तेरा.

एकेक करून तपासले. शेवटचा फोटो सदतिसाव्या घराच्या दाराचा होता. बाईंनी तो काढलाच नाही म्हणतात, लंबूनेही नाही. दारात कोणीतरी उभं होतं, पण उजेड इतका की नुसता आकार दिसत होता. बहुतेक मुकादम. बाईंच्या वहीत तशी नोंद करून ठेवली.

७ मार्च, गुरुवार

मुकादम नव्हता.

आज आणखी दोन आले. त्याच दारात, जरा पुढे. अंगात निळा स्वेटर, डाव्या कोपरावर काळ्या दोऱ्याने रफू केलेलं. निळा दोरा संपला होता म्हणून. तो मीच आणून दिला नव्हता.

ही आहे.

दोन वर्षं झाली हिला जाऊन. अकरा दिवसांचा ताप, बस. त्याआधीच्या महिन्यात ही, मी आणि खारू नदीवर गेलो होतो. फोटो काढून घ्यायला ही कधी तयार नसायची, त्या दिवशी मात्र का कोण जाणे नाही म्हणाली नाही. एक्क्याण्णव फोटो. ते कार्ड कॅमेऱ्यातच राहिलं. ही गेल्यावर दहाव्या दिवशी कामावर बोलावलं, कार्ड हवं होतं, आणि मी न बघता ते पुसलं. पडद्याने विचारलं होतं, नक्की का. मी हो म्हटलं. आजवर हे ताईलाही सांगितलेलं नाही.

कोणाला दाखवले नाहीत. दुपारभर बघत बसलो. केस ओले आहेत.

८ मार्च, शुक्रवार

पाच आले. एकात ही खिडकीशी बसून पायातला काटा काढतेय. एकात माझ्याकडे बघतेय. रागावलेली नाही. रागावली असती तर सोसलं असतं.

मग ध्यानात आलं, डबीतला एकूण आकडा वाढलेलाच नाही. हिचे आठ आले, तर कुठलेतरी आठ गेले. शोधले. खारूचे सहाशे बत्तीस उरलेत. दात पडला त्या दिवशीचा नाही, सायकलचा नाही.

ताईला कपाटातली डिस्क लावून बघायला सांगितलं. सहाशे बत्तीस. तेच आठ नाहीत.

ताई म्हणाली, ते जाऊ दे, पोरगी आज सायकलवर बसायलाच तयार नाही. म्हणते मला येत नाही, मी कधी चालवलीच नाही.

९ मार्च, शनिवार

बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी डबी हातात घेतली, चष्मा पुसून पुन्हा बघितलं.

मग म्हणाल्या, "मला रिकामं दार दिसतंय रे. पण तुला दिसतं, यावर माझा विश्वास आहे." माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "माझा धाकटा मुलगा गेला तेव्हा मलाही कुठे कुठे दिसायचा. तू घरी जा. मुलीजवळ जाऊन बस."

लंबू गाडी घेऊन डिझेलला गेलाय, सोमवारी संध्याकाळी येईल. दुसरं वाहन इथे नाही. तोवर डबी उघडायची नाही असं बाईंनी माझ्याकडून वदवून घेतलं.

एवढं कळलंय मला. कार्डाचा संबंध नाही. मी हिच्याकडे बघतो तेव्हाच खारूचे जातात. जितका वेळ बघेन तितके.

तिसऱ्या प्रहरी उघडली. एकदाच, मिनिटभर. हिचे चाळीस. खारूचे सहाशे.

१० मार्च, रविवार

मिनिटभर नव्हतं ते काल. इथे खोटं लिहून काय मिळवणार. दुपारभर बघत होतो. आज सकाळीही.

खारूचे तीनशे बारा.

ताईचा आवाज बसलेला. खारू कालपासून झोपूनच आहे, ताप नाही, काही नाही. डॉक्टर येऊन गेले, त्यांना काही सापडत नाही. ताई सांगते, भिंतीवरच्या फोटोत ती एकटीच उभी आहे, हात कोणाच्या तरी खांद्यावर ठेवल्यासारखा.

मग खारू फोनवर आली. झोपेतच.

"बाबा, आई बोलावतेय."

कुठे, म्हटलं.

"पांढरं आहे सगळं. खूप ऊन आहे. पाय भाजतायत."

जाऊ नकोस, म्हटलं. आत्याचा हात धर, सोडू नकोस.

"तूच बघतोयस ना तिच्याकडे," म्हणाली. "मग मी पण येते."

उद्या पुसणार. डबीतलं सगळं, म्हणजे बघायला काही उरणारच नाही. ह्यावेळी बघून पुसायचं आहे.

११ मार्च, सोमवार. सकाळ

सातव्या पायरीवर बसलोय. डबी मांडीवर.

पडदा विचारतोय, नक्की का. बोट ठेवलंय. ही पडद्यात अगदी जवळ आलीय, पापणीवरचं मीठ दिसतंय. एकदाच नीट बघू दे. त्यावेळी बघितलंच नव्हतं ना. निरोप तरी—

एक तास गेला. मला वाटलं दोन मिनिटं.

खारूचे एकोणीस.

माफ कर गं. तूही, आणि खारू, तूही.

पुसलं.

दुपार

पडदा कोरा. शून्य. ताईला फोन लावला, ती म्हणाली खारूने डोळे उघडलेत, पाणी मागितलं, पिवळा फ्रॉक घालून दे म्हणाली. रडलो. दोन वर्षांत पहिल्यांदा रडलो असेन. पिवळा फ्रॉक हिनेच शिवला होता, वाढत्या अंगाचा. ताई म्हणते आता बरोबर बसतो.

बाई खालून हात करतायत, गाडी आली म्हणून. लवकर आला लंबू. सामान आवरायचं—

दिवा लुकलुकतोय.

खाचेत कार्ड नाही. बॅटरी काढली. तरी लुकलुकतोय.

आकडा एक.

नाही बघणार. नाही—

सदतिसावं घर. निळा स्वेटर. हिने कोणाचातरी हात धरलाय. पिवळा फ्रॉक, अनवाणी. गालात गोळी. दोघी हसतायत, माझ्याकडे बघून, अशी ही कधीच कोणत्या फोटोत—

फोन वाजतोय. ताई आहे.

मी उचललेला नाही. उचलला नाही तोवर काही झालेलं नाही. तोवर ती ताईच्या घरी आहे, पाणी पिऊन बसलीय, तोवर

बंद झाला. पुन्हा वाजतोय. मी इथून घर सदतीस दिसतं का ते बघत नाहीये, मी खाली बघतोय, पायरीकडे, पण ऊन फार आहे आणि खालच्या पायरीवर कोणाचे तरी छोटे पाय