सरिता हे नाव आहे

शनिवार पेठ, पुणे
१४ नोव्हेंबर २००९

चि. आमोद यास,
अनेक आशीर्वाद. इकडे सर्व ठीक. तुझ्या खराडीच्या ऑफिसातून आलेली मिठाई पोचली. शेजारी वाटून टाकली.

गुरुवारी तुझ्या कंपनीच्या कार्यक्रमात झालेल्या प्रकाराला तू फोनवर 'छोटासा बग' म्हणालास. फोनवर तू मध्येच बोलतोस, म्हणून पत्र.

यमुनाबाई मंडईत पालेभाजी विकतात. वय एकसष्ट. दोन वर्षं माझ्या दुपारच्या वर्गात येऊन अक्षरं शिकल्या आणि आयुष्यातलं पहिलं पान लिहिलं, ते वारलेल्या मुलीवर. 'माझी सरिता नववीत होती. सरिताला ताप आला. सरिता दवाखान्यात गेली ती परत आली नाही.' भाषा 'सुधारणाऱ्या' तुझ्या सॉफ्टवेअरने त्यात समानार्थी शब्द घातले. तापाचा ज्वर केला, दवाखान्याचं रुग्णालय. आणि सरिताची नदी. 'नदी रुग्णालयात गेली.'

ते पडद्यावर लावून वाचायला तू यमुनाबाईंनाच उभं केलंस. एकेक अक्षर लावत त्या 'नदी'पाशी अडखळल्या. पुन्हा वाचलं. पुन्हा नदीच. सभागृह हसलं. तूही हसलास. वर म्हणालास, "आजी, मशीन अजून शिकतंय, तुमच्यासारखंच."

खाली बसल्यावर त्यांनी मला हळूच विचारलं, "बाई, माझंच वाचायला चुकलं का वो?"

विशेषनामाला हात लावायचा नसतो, हे पाचवीतल्या पोराला कळतं. मार्चमध्येच मी तुला बजावलं होतं. तू म्हणालास, "आत्या, नव्वद टक्के करेक्ट येतंय, बाकीचं नंतर बघू." त्या बाकीच्यात एका बाईची मुलगी होती, गाढवा!

आता माझं. ते पान तुला मीच दिलं, यमुनाबाईंना न विचारता. भाच्याच्या कंपनीत भाषातज्ज्ञ म्हणवून घ्यायची हौस. आणि त्यांनी विचारलं तेव्हा मी "तुमचं नाही चुकलं" एवढंही म्हणाले नाही. पुढच्या रांगेत तुझे साहेब होते. मी ओठांवर बोट ठेवून यमुनाबाईंना गप्प केलं.

शुक्रवारी त्या वर्गाला आल्या नाहीत. आज सकाळी मंडईत गेले. सगळं सांगितलं, पान कोणी दिलं तेसुद्धा.

"म्हंजे मी बराबर वाचलं व्हतं?"

"हो."

"मग तवाच का नाही बोललात?"

तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. त्यांनी मला बाजूला व्हायला सांगितलं.

कंपनीच्या वेबसाइटवर टाकलेलं ते पान आजच्या आज काढ. मग स्वतः मंडईत जा आणि मुलीचं नाव घेऊन माफी माग. मी सोबत येणार नाही. मला माझी वेगळी मागायची आहे, आणि ती मिळेल असं वाटत नाही. सोमवारपासून तुझ्या कामाला मी नाही.

त्या दिवशी गप्प बसलेली,
तुझी हेमाआत्या