झिजलेलं गेज

संजीवनीताई,

विंझरचा तुमचा पत्ता माझ्याकडे आहे, पण हे पत्र टाकायची माझी हिंमत होणार नाही.

पंपाच्या दांड्यांचा माल माप चुकलं म्हणून परत आला, तेव्हा शेठचे जावई पहिल्यांदाच कारखान्यात खाली उतरले. मशीनकडे न बघता त्यांनी तपासणीचा कागद मागितला. सही तुमची होती. "उद्यापासून येऊ नका," एवढंच म्हणाले. मी शेजारी उभा होतो.

त्याआधी आठवडाभर तुम्ही सांगत होता, "भाऊ, तुमचं गेज सैल लागतंय." माप तपासायचं ते गेज मी कुणाकडे न शिकता, कानशीनं घासून स्वतः बनवलेलं. म्हणालो, "मापं मला शिकवू नका," आणि त्याच गेजवर तपासायला लावलं. तुम्ही गेलात त्याच संध्याकाळी मोजलं. आठ शतांश मिलिमीटर झिजलं होतं.

अकरा दिवस गप्प राहिलो. आज जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना सांगितलं. वाटलं, शिव्या देतील. शेजारी डबा खाणाऱ्या अक्काबाईंनी माझ्यापुढं चटणी सरकवली.

"आमाला म्हाईत व्हतं, भाऊ. संजीवनी जाताना म्हनली, कुनी बोलू नगा. भाऊ सोताच सांगत्याल, त्यान्ला खोटं खपत न्हाई."

तसाच उठून जावयांकडे गेलो, चूक माझी म्हणून सांगितलं. मोबाईलवरची नजर न काढता म्हणाले, "ती जागा भरली. तुम्ही मशीनवर जा."

मी गेलो, ताई.

तुम्हाला तोंड दाखवायला न धजणारा,
गोरख