आईचा पाय

५ ऑगस्ट
रविवारी मला बघायला येणार. अमरसिंह नावाचा इंजिनिअर, गगनबावड्याचा. काकू म्हणाली, "तुझ्या आईला तेवढा दिवस गडहिंग्लजला धाडूया की." — आईला! तिच्याच घरातनं! का, तर हत्तीरोगानं तिचा डावा पाय खांबासारखा सुजलाय, पावण्यांना दिसायला नको. बाबा पेपरात तोंड खुपसून गप्प. शूर माणूस!

६ ऑगस्ट
आई स्वतःच पिशवी भरत होती. मी पिशवी उलटी केली. "तू नसशील तर मी पण न्हाय बसणार." रडली. रडू दे.

१० ऑगस्ट
आले. मुलगा, त्याचा मामा हंबीरराव आणि आत्या. आधी पोहे चापले, मग डोळे आईच्या पायावर. माझं शिक्षण राहिलं बाजूला. आत्याबाई बाबांना विचारतायत, "हे रक्तातनं उतरतंय का वो? पोरीला बी हुईल?"

मीच म्हटलं, "डास चावून होतंय. सुतासारखे बारीक जंत असतात, डासातनं अंगात शिरतात. तुमच्याकडं डास न्हाईत वाटतं?"

हंबीरराव म्हणाले, "पोरगी लई बोलतीया."

आणि तो अमरसिंह! सगळा वेळ आईच्या पायाकडं टक लावून. माझ्याकडं एकदासुद्धा बघितलं नाही. एवढा शिकलेला, आणि आत्या वाट्टेल ते बोलते तरी तोंडातनं शब्द नाही. असल्या शेळपटाशी लग्न? थू!

१२ ऑगस्ट
नकार. म्हणे पत्रिका जुळत नाही! पाय म्हणायला जीभ रेटेना मेल्यांची.

१९ ऑगस्ट
आरोग्य खात्याच्या बाई आल्या होत्या, घरोघरी हत्तीरोगाची चौकशी करत. काकूनं दारातनंच घालवलं — "आमच्यात कुणाला काय न्हाय." आई तेव्हा आत मोरीत पाय धूत होती! किळस येते या घराची.

२४ ऑगस्ट
अमरसिंह आला. एकटाच! माझ्याशी काही काम नव्हतं त्याचं. दारातच सुनवायचं ठरवलं होतं मी. पण तो सरळ आईपुढं बसला.

"मावशी, तुमच्या पायाला जखमा न्हाईत. काय करता?"

आई गोंधळली. "रोज साबणानं धुते. बोटांच्या बेचक्यात कोरडं करते. डॉक्टरनं दिलेलं मलम लावते. बसले की पाय उंचावर. का वो?"

मान खाली घालून म्हणाला, "माझ्या आईचे बी दोन्ही पाय असंच सुजल्यात. चिघळल्यात. वास येतोय म्हणून मामानं मागच्या खोलीत ठेवलंय तिला. डॉक्टर न्हाय, काय न्हाय. आमी हिकडं आलतो तवा बी ती तितंच हुती."

"आणि तुम्ही?" मी विचारलं.

"मी काय... मी बी गप्पच की."

शेळपट तर आहेच. चहा मात्र दिला.

२७ ऑगस्ट
आई हट्टानं गगनबावड्याला गेली, मी सोबत. हंबीरराव दारात आडवे आले, आई त्यांना बाजूला सारून मागच्या खोलीत. आम्हाला बघून ती बाई घाईघाईनं गोधडीत पाय लपवायला लागली. आई तिच्या शेजारी बसली, आणि स्वतःची साडी गुडघ्यापर्यंत वर घेतली.